दोन दिवसांचा उपास

शनिवारी आत्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या, त्या काही डोळे दुखत होते म्हणून नव्हे. दिसत होतं ते पटत नव्हतं, म्हणून. आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला न पटणारं काही दिसायला लागलं, की पहिला संशय चष्म्यावर घेतलेला बरा. तो बिचारा उलटून बोलत नाही.

डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले, भिंगं घातली, भिंगं काढली.

"नंबर आहे तोच आहे," ते म्हणाले.

"पुन्हा एकदा बघता का?"

"बाई, तिसऱ्यांदा बघितलं. तुम्ही तक्त्याची शेवटची ओळ वाचलीत. त्याच्याखाली बारीक अक्षरात छापखान्याचा पत्ता आहे, तोही वाचलात. आणखी काय वाचायचंय?"

हे ऐकून कुणालाही बरं वाटलं असतं. आत्या मात्र आणखीच गोंधळल्या, आणि छत्री दवाखान्यातच विसरून संस्थेत परत आल्या.

संस्थेत त्यांना सगळे आत्याच म्हणत. फार वर्षांपूर्वी त्यांची भाची सुट्टीत आठ दिवस त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत यायची आणि लांबलचक व्हरांड्यातून "आत्याऽऽ" अशी हाक मारत धावायची. भाची आठ दिवसांनी घरी गेली, हाक राहिली. संचालकांपासून जिन्याखालच्या सुतारापर्यंत सगळ्यांच्या त्या आत्या झाल्या, आणि खुद्द भाऊ सोडून बाकी सगळं जग त्यांचं भाचरू झालं.

त्यांचा विषय एका वाक्यात सांगता येतो. पाणी आटलं, अन्न संपलं, ऊन तापलं, की झाडं मरतात, जनावरं मरतात. आणि डोळ्यांना न दिसणारा जिवाणू मात्र कोरड्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो. पाणी मिळालं की उठतो आणि काही झालंच नव्हतं अशा थाटात कामाला लागतो. हे त्याला जमतं कसं? शाळेत असताना आत्यांनी एका डब्यात तळ्याची माती भरून तो फळीवर ठेवला होता आणि सपशेल विसरल्या होत्या. दोन वर्षांनी घर रंगवताना डबा हाती लागला. खडखडीत वाळलेल्या त्या ढेकळावर त्यांनी पाणी घातलं, आणि चार दिवसांनी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर काचेवर ही वळवळ! बाई म्हणाल्या, तू काच नीट धुतली नसशील. काच दोनदा धुतली होती. तेव्हापासून आत्यांचा लोकांच्या बोलण्यावर कमी आणि स्वतःच्या डोळ्यांवर जास्त विश्वास. या विश्वासावर त्यांनी आयुष्यात बरंच मिळवलं, आणि पुढे काय झालं तेच सांगतो आहे.

आत्या अख्खा जिवाणू बघत बसत नसत. त्याच्या आतली अवजारं बघत, म्हणजे प्रथिनं. पक्कड समोर आली की ती कशासाठी आहे हे सांगावं लागत नाही. तसंच प्रथिनाचा नेमका आकार कळला की त्याचं काम उमगतं. पण ते मिळवणं म्हणजे खायचं काम नव्हे. मातीतला जिवाणू हट्टी, पोतंभर वाढवला तरी त्यातून चिमूटभर प्रथिन निघायचं. म्हणून त्या प्रथिनाची कृती एका साध्या, भराभर वाढणाऱ्या, प्रयोगशाळेत पाळलेल्या जिवाणूच्या पोटात सारायची. तो यजमान, आणि हे त्याच्या घरी आलेलं पाहुणं प्रथिन. यजमानाने पाहुणा भरपूर वाढवला की यजमानाला फोडायचं, पाहुणा तेवढा वेगळा काढायचा, थेंबाथेंबात त्याचे स्फटिक जमवायचे आणि स्फटिकांवर क्ष-किरण सोडायचे. मग संगणकाच्या पडद्यावर ढगासारखा आकार दिसतो. त्या ढगात प्रथिनाची माळ, मणी अन् मणी, ओवायची. एका माळेला तीन, चार, कधी दहा वर्षं जातात.

या सगळ्यात आत्यांचा स्वतःचा असा एक नियम होता. बाकीचे लोक यजमान पुरेसा वाढला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोडत. आत्या त्याला अन्न संपल्यावर आणखी दोन दिवस तसाच गार खोलीत, फ्लास्कमध्ये, शेकरवर हलत ठेवायला लावत. याला प्रयोगशाळेत "उपास" म्हणत. शोध लागला तो भावाच्या लग्नात. आत्या फ्लास्क शेकरवर ठेवून लग्नाला गेल्या, रुसव्याफुगव्यात दोन दिवस जास्त अडकल्या, आणि परत येऊन बघतात तर प्रथिन दुप्पट! तेव्हापासून त्यांच्या हाताखालच्या सतरा विद्यार्थ्यांनी उपास इमानेइतबारे पाळला. का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आत्यांनाही सांगता आलं नसतं.

सतरावी विद्यार्थिनी म्हणजे धाकटी. वयाने तेहतीस, पण आत्यांच्या विद्यार्थ्यांतली शेवटची, म्हणून धाकटी. सहा वर्षं ती संस्थेच्या वसतिगृहात एका खोलीत राहत होती. नवरा आणि चार वर्षांची मुलगी दुसऱ्या गावी, पाच तासांच्या अंतरावर. महिन्यातून दोनदा ती घरी जायची, आणि दर वेळी मुलगी पहिला अर्धा तास तिच्याशी परक्यासारखी वागायची. आता त्याच गावच्या कॉलेजात तिला शिकवायची जागा मिळाली होती. अट एकच: महिनाअखेरीपर्यंत पदवी हातात हवी. प्रबंध बांधून झाला होता, परीक्षकांकडे पोचला होता, सादरीकरणाचा शुक्रवार ठरला होता. धाकटीने खोलीतला पंखासुद्धा कुणाला द्यायचा ते ठरवून टाकलं होतं.

प्रबंधात काय होतं? दुष्काळात तगणाऱ्या त्या हट्टी जिवाणूच्या एका प्रथिनाचा आकार. बारा सारखे तुकडे एकमेकांना बिलगून झालेला पोकळ चेंडू. चित्र जरा धूसर होतं, पण त्या धूसर ढगात माळ बसली होती. कुठेकुठे ढकलून बसवली होती, पण बसली होती. चित्र जास्त स्वच्छ यावं म्हणून धाकटीचे उरलेले स्फटिक लांबच्या गावातल्या मोठ्या क्ष-किरण यंत्रावर पाठवले होते. ती नवी चित्रं मंगळवारी आली, सादरीकरणाला अडीच आठवडे असताना, आणि आत्यांच्या संगणकावर आली. धाकटी तेव्हा घरी गेली होती, मुलीला ताप होता म्हणून.

चित्रं सुंदर होती. इतकी स्वच्छ, की एकेक मणी वेगळा दिसावा. आत्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि माळ ओवायला घेतली. पहिला मणी बसला. दुसरा बसला. तिसरा मणी जाडजूड, दोन कड्यांचा असायला हवा होता. तिथे नुसतंच एक बारीक टोक. चौथ्या जागी काहीच असायला नको होतं, तिथे भला मोठा फुगवटा. पाचवा बसला. सहावा, सातवा, आठवा, एकही नाही.

आत्यांनी चहा प्याला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बुधवारी त्यांनी संगणकाला दोष दिला आणि दुसऱ्या संगणकावर तेच केलं. गुरुवारी मोठ्या यंत्रावरच्या माणसाला फोन करून नमुन्यांची अदलाबदल झाली का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "बाई, अकरा वर्षांत माझ्याकडून एक डबीसुद्धा इकडची तिकडे झालेली नाही," आणि रागावून त्याने सगळ्या डब्यांचे फोटो पाठवले. शुक्रवारी त्या नुसत्याच पडद्यासमोर बसल्या. चेंडू तोच होता. बारा तुकडे तेच. घर ओळखीचं, अंगण ओळखीचं, आणि दार उघडावं तर आत भलतीच माणसं जेवायला बसलेली! काय चाललंय ते त्यांना कळेना. म्हणून शनिवारी डोळ्यांचा डॉक्टर.

आत्यांचे मिस्टर, ज्यांना ओघानेच सगळे काका म्हणत, छापखान्यात मुद्रितशोधक होते. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून निवृत्त झाले होते आणि आता घरातल्या शोधत.

"छत्री कुठे?" ते शनिवारी संध्याकाळी म्हणाले.

"अहो, छत्री राहू द्या. मला एक सांगा. तुम्ही एखादं पान चार वेळा वाचलं आणि तरी चूक दिसली नाही, तर काय करायचात?"

"अर्थ कळू द्यायचा नाही," काका ताबडतोब म्हणाले. "अर्थ कळला की माणूस जे असायला हवं तेच वाचतो, जे आहे ते नाही. मी शेवटच्या शब्दापासून उलटं वाचत यायचो. नाहीतर सरळ शेजारच्या माणसाला बसवायचं, ज्याला त्या विषयातलं ओ की ठो कळत नाही."

आत्यांनी नवऱ्याकडे नीट बघितलं. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांच्या विषयातलं ओ की ठो न कळलेला माणूस समोरच बसला होता.

रविवारी सकाळी दोघं संस्थेत गेली. आत्यांनी काकांना पडद्यासमोर बसवलं, स्वतः पडद्याकडे पाठ करून कळफलक आणि वही मांडीवर घेऊन बसल्या, आणि म्हणाल्या, "एकेक मणी मी पुढे सरकवते. तुम्हाला दिसेल ते बोला. जाड, बारीक, कड्याचा, काहीच नाही. विचार करायचा नाही."

"तो मी तुझ्यासमोर कधीच करत नाही," काका म्हणाले, आणि सुरू झाले. "बारीक. बारीक. फाटा फुटलेला. काहीच नाही. एका कड्याचा. लांब शेपूट. बारीक. हा दोन कड्यांचा, जाड आहे बघ. पुन्हा शेपूट."

साठ मणी झाल्यावर त्यांनी मान चोळली आणि चहाची चौकशी केली. आत्यांनी वहीतली खूण अन् खूण अक्षरांत बसवली आणि ती ओळ जगातल्या सगळ्या माहीत असलेल्या प्रथिनांच्या साठ्यात शोधायला टाकली. त्यांना वाटलं होतं तासभर लागेल. उत्तर लगेच आलं, आणि पहिलंच नाव ओळखीचं होतं.

ते पाहुण्याचं प्रथिन नव्हतंच. ते यजमानाचं होतं, त्या साध्या, पाळलेल्या जिवाणूचं स्वतःचं. आणि कसलं, तर उपासमारीतलं. अन्न संपलं की तो जिवाणू हे प्रथिन ढिगाने बनवतो आणि त्यात आपला वारसा, म्हणजे डीएनए, गुंडाळून ठेवतो, वाईट दिवस सरेपर्यंत. त्याचा आकार कुणीतरी फार वर्षांपूर्वीच काढून ठेवला होता. बारा तुकड्यांचा पोकळ चेंडू.

मग सगळं एकापाठोपाठ एक उलगडत गेलं. दोन दिवस उपाशी ठेवलेल्या यजमानाने आपलं तगण्याचं प्रथिन बनवायला घेतलं. बनवायला माल कुठला? घरात पाहुणा होता. पाहुणं प्रथिन मोडून त्याने खाल्लं. उरलं ते स्वतःचं, आणि दोघांचं वजन जवळजवळ सारखं, त्यामुळे तपासणीच्या जेलवर, म्हणजे प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करणाऱ्या थरावर, निळी पट्टी नेमक्या त्याच जागी उमटली. त्या वेळी धाकटी म्हणाली होती, "आत्या, एकदा वस्तुमान मोजायला पाठवू या का? खात्री होईल." मोजणारं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, दीड महिना थांबावं लागलं असतं. आत्या म्हणाल्या होत्या, "तीस वर्षं पट्ट्या बघतेय मी. हीच आहे ती."

सहा वर्षं दोघी जिवाणू कसा तगतो ते शोधत होत्या, आणि तो त्यांच्याच फ्लास्कमध्ये तगून दाखवत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे आत्यांनी लहानपणी शंभर वेळा ऐकलं होतं. कळसा काखेतून पडून कपाळात बसतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"बरोबर आलं का माझं?" काकांनी विचारलं.

"अगदी बरोबर आलं."

"बघ!" काका खुश झाले. आत्यांना त्यांचा त्या क्षणी भयंकर राग आला, आणि आपण का रागावलो तेही कळेना.

धाकटी सोमवारी परत आली. मुलीचा ताप उतरला होता. सादरीकरणाचा सराव करायचा म्हणून ती रोज दुपारी आत्यांच्या खोलीत फळ्याशी उभी राहायची. "या प्रथिनाची रचना आम्ही प्रथमच मांडत आहोत," असं पहिलं वाक्य होतं. आत्या खुर्चीत बसून मान डोलवायच्या. मान कशी डोलते याचं त्यांनाच नवल वाटायचं.

सांगावं, तर पदवी जाते, कॉलेजची जागा जाते, आणि पाच तासांवरची ती पोरगी आणखी कितीदा अर्धा अर्धा तास परकी होणार कोण जाणे. न सांगावं, तर प्रबंधात धूसर चित्रच आहे, परीक्षकांपुढेही तेच जाणार. नवी चित्रं कुणी बघितलीत? एक आपण, आणि एक नवरा, ज्याला वाटतंय आपण बक्षीस मिळवलं. शुक्रवार होऊन जाऊ दे, मग सावकाश जाहीर करू. पण मग जगाला जाहीर झाल्यावर त्या पोरीची पदवी कशावर उभी राहणार? सकाळी एक पटायचं, दुपारी दुसरं. आत्या आयुष्यात पहिल्यांदाच चहात मीठ घालून प्यायल्या आणि कप संपेपर्यंत त्यांच्या लक्षातही आलं नाही.

असे नऊ दिवस गेले. पुढच्या मंगळवारी धाकटीने फळ्यावर चेंडू काढला आणि म्हणाली, "आत्या, हा मणी इथे ढकलून बसवलाय असं मिशीवाले सर म्हणाले तर काय सांगू?" मिशीवाले सर म्हणजे परीक्षक मंडळाचे प्रमुख. माणूस करडा, पण डोकं लख्ख.

आत्या म्हणाल्या, "बस जरा."

त्यांनी सगळं सांगितलं. नवी चित्रं दाखवली, काकांची वही दाखवली, साठ्यातलं नाव दाखवलं. धाकटी बघत होती. ती हुशार होती, निम्म्यातच तिला कळलं होतं.

"उपासामुळे," ती म्हणाली.

"उपासामुळे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"गेल्याच्या गेल्या रविवारी."

धाकटीने बोटांवर मोजलं. "म्हणजे मी नऊ दिवस इथे उभी राहून पोपटासारखी बोलतेय, आणि तुम्ही समोर बसून मान डोलवताय."

"मला काही सुचत नव्हतं गं."

"मला सांगितलं असतं तर दोघींना मिळून सुचलं असतं." तिने फळा पुसला. सगळा नाही, फक्त चेंडू. मग बराच वेळ खिडकीपाशी उभी राहिली. वळली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज ठाम होता. "शुक्रवारी मी उभी राहणार आहे. हेच सांगणार आहे. काय समजलो होतो, काय निघालं, आणि कसं निघालं. तीन दिवस आहेत. खालच्या मजल्यावरून वस्तुमान मोजून आणते, आता यंत्र चालू आहे. तुम्ही फक्त पहिल्या रांगेत बसा."

त्या तीन दिवसांत धाकटीने जे काम केलं त्याला तोड नव्हती. वस्तुमान मोजलं, यजमानाचंच निघालं. उपास ठेवलेले आणि न ठेवलेले फ्लास्क शेजारी शेजारी लावले. न ठेवलेल्यात खरं पाहुणं प्रथिन निघालं, थोडंसंच, पण निघालं. आत्यांना तिचा इतका अभिमान वाटला, की आपण कशाबद्दल अभिमान बाळगतोय हेही क्षणभर त्या विसरल्या.

शुक्रवारी दालन निम्मं भरलं होतं. पाच परीक्षक एका बाजूला, मधोमध मिशीवाले सर. पहिल्या रांगेत आत्या. धाकटी उभी राहिली आणि आडपडदा न ठेवता बोलली. चाळीस मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी सरांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे प्रबंधातली रचना चुकीच्या प्रथिनाची आहे."

"हो, सर."

"आणि या चुकीचं मूळ दोन दिवसांच्या उपासात आहे. ही पद्धत कुणी ठरवली?"

"मी केलं, सर. चूक माझी आहे."

सरांनी मान वर केली. "केलं तुम्ही, ते कळलं. ठरवलं कुणी, ते विचारतोय." हे विचारताना ते धाकटीकडे बघत होते की पहिल्या रांगेकडे, ते आत्यांना नीट कळलं नाही.

आत्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. उठावं, हे त्यांच्या मनात आलं. पण विचारल्याशिवाय मार्गदर्शकाने बोलू नये, असा सादरीकरणाचा नियम. मला विचारलंय का? नाव घेऊन नाही विचारलेलं. शिवाय सतरा जणांनी हाच उपास केला, सोळांचं काही बिघडलं नाही. मग चूक उपासाची, की या प्रथिनाची, की पट्टी पाहणाऱ्या डोळ्यांची? डोळे तर माझेच. म्हणजे माझीच की. पण उभं राहून नेमकं काय म्हणायचं? वाक्य जुळेना. पहिला शब्द सापडला तर दुसरा निसटत होता.

"चूक माझी आहे, सर," धाकटी दुसऱ्यांदा म्हणाली, आधीपेक्षा सावकाश.

सरांनी आणखी थोडा वेळ वाट बघितली. मग पेन उचललं आणि लिहायला लागले. आत्या उठल्या तेव्हा सगळेच उठत होते, चहासाठी.

निकाल तासाभरात लागला. प्रबंध परत. नव्याने काम करून सादर करायला एक वर्ष. चूक उघड केल्याबद्दल कौतुकाची एक ओळ होती, आणि "विद्यार्थिनीचा हलगर्जीपणा" अशी दुसरी. धाकटीने कागद वाचला, घडी घातली आणि वसतिगृहाकडे चालू लागली.

आत्या धावत मिशीवाल्या सरांच्या खोलीत गेल्या. दम लागला होता. "सर, उपासाचा नियम माझा. वस्तुमान मोजू नको म्हणाले तीही मीच. तिचा काही संबंध नाही."

"माहीत आहे," सर म्हणाले. "तुमचा उपास आम्हा सगळ्यांना माहीत आहे, बाई. म्हणून तर दुसऱ्यांदा विचारलं. ते काय मी भिंतीला विचारत होतो?"

"मला वाटलं, नियमाप्रमाणे मी..."

"मार्गदर्शकाच्या सांगण्यावरून केलं, एवढं एक वाक्य नोंदीत आलं असतं, तर चूक शोधून काढणं हे तिचं काम ठरलं असतं. तीन दिवसांत तिने जे केलंय त्यावर महिना संपायच्या आत दुरुस्त प्रबंध मान्य केला असता. चौघं तयार होते. पण तीच दोनदा चूक माझी म्हणाली आणि तुम्ही बसून राहिलात. मग मी काय लिहिणार?"

"मी आत्ता लिहून देते."

"द्या. जरूर द्या. मंडळ पुढच्या सत्रात बसेल तेव्हा वाचू." सरांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच आत्यांना सोसेना.

त्यांनी तिथेच, सरांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, उभ्याउभ्या लिहून दिलं. आता वाक्यं सरळ आली, एकही अडलं नाही. दालनात तेवढ्या वेळात यातलं एकही का आलं नाही, हे त्यांना तेव्हा कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही. भीती होती म्हणावं, तर भीती जाणवली नव्हती. स्वार्थ म्हणावं, तर निवृत्तीला आलेल्या बाईचा स्वार्थ तो कसला? एवढंच खरं, की त्या बसून राहिल्या.

संध्याकाळी त्या वसतिगृहात गेल्या. दार उघडं होतं. धाकटी पलंगावर बसून फोनवर बोलत होती. "नाही गं राणी, या महिन्यात नाही... अजून थोडे दिवस... हो, बाबा आहेत ना... नाही, रडत नाहीये, सर्दी झालीय." तिने फोन ठेवला आणि आत्यांना खुर्चीवरची पुस्तकं बाजूला करून दिली. आत्या बसल्या नाहीत.

"मी सरांना लिहून दिलंय," त्या म्हणाल्या. "सगळं. चूक माझी होती असं."

"बरं केलंत."

"तेव्हाच बोलायला हवं होतं. मला कळतच नव्हतं मला विचारतायत की तुला. शब्दच सुचेनात. आणि तू कशाला म्हणालीस गं चूक माझी म्हणून? तेही दोनदा?"

धाकटीने त्यांच्याकडे बघितलं. खूप दमलेली दिसत होती.

"मला वाटलं, पहिल्यांदा म्हटलं की तुम्ही उठाल," ती म्हणाली. "नाही उठलात. मग पुन्हा म्हटलं, हळू म्हटलं. तुम्हाला उठायला वेळ मिळावा म्हणून."